गाळाच्या वाट्याचं पाणी

आमच्या सिडकोतल्या गल्लीत मी नेमकं काय काम करते हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. जिऑलॉजी हा शब्द लोकांनी ऐकलेला होता आणि त्यातून त्यांनी एकच अर्थ काढला होता: हिला जमिनीखालचं दिसतं. दुष्काळाची लागोपाठची वर्षं सुरू झाली तसे माझ्याकडे लोक यायला लागले. सातारा परिसरात, बीड बायपासच्या पलीकडे, काल जिथं तूर उभी होती तिथं आज प्लॉटचे चुना फासलेले दगड रोवलेले असायचे, आणि प्रत्येक प्लॉटवाल्याला बांधकामाच्या आधी बोअर हवा असायचा. एक निवृत्त मुख्याध्यापक तर नारळ आणि हळदकुंकू घेऊनच घरी आले.

"मॅडम, तुम्ही फक्त जागा दाखवा. पुढचं आमचं आम्ही बघतो."

मी त्यांना सांगितलं, काळ्या पाषाणातलं पाणी हा माझा विषय नाही. माझा विषय समुद्राच्या तळावरचा गाळ.

"समुद्राच्या?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मग तुम्ही औरंगाबादला काय करता?"

तेव्हा आमच्या शहराचं नाव तेच होतं. प्रश्नही रास्त होता. मुख्याध्यापक नारळ परत घेऊन गेले आणि त्यांनी एका पाणाड्याला बोलावलं. त्यांचा बोअर कोरडा गेला, तरी पुढं कितीतरी दिवस ते माझ्यावरच रुसून होते.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी नीट दिलं नाही, ते आज देते.

आमची प्रयोगशाळा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत होती. एका बाजूला नटबोल्टचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा, मधे पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही. इनामदार सरांनी ती सुरू केली होती. सर कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे, मी त्यांचीच विद्यार्थिनी. तेलाचा आणि वायूचा शोध घेणाऱ्या कंपन्या पूर्व किनाऱ्यावर, गोदावरीच्या मुखासमोर समुद्रात विहिरी खणत. खणताना तळाखालच्या खडकाचे दंडगोलाकार तुकडे वर काढत, आणि त्यातले छोटे छोटे नमुने कापडी पिशव्यांत भरून, लाकडी खोक्यांतून ट्रकनं आमच्याकडे पाठवत. गोदावरी आमच्या जिल्ह्याच्या कडेनं वाहत जाते, तिनं पार पलीकडे नेऊन टाकलेली वाळू अशी आमच्याकडे यायची. सर म्हणायचे, "माल आपल्याकडचाच आहे. परत यायला जरा उशीर झाला, एवढंच."

आमचं काम, ही वाळू आणि हा गाळ समुद्रात किती खोलीवर साचला होता ते सांगणं.

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी ते चित्र काढलेलं असतं. किनाऱ्यालगत समुद्रबूड जमीन, उथळ आणि जवळपास सपाट. तिच्या टोकाला खंडान्त उतार. उताराच्या पायथ्याशी खोल, अंधारं सागरी मैदान. शाळेत जे सांगत नाहीत ते असं, की समुद्राची पातळी कायम एकच नसते. पृथ्वी गारठली की पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडतं आणि समुद्र शंभर मीटरहूनही जास्त खाली उतरतो. मग समुद्रबूड जमीन उघडी पडते. नदी त्या उघड्या जमिनीवरून थेट उताराच्या कडेपर्यंत पोचते आणि आपली वाळू खाली लोटून देते. ती वाळू समुद्राखालच्या घळईतून घसरत जाऊन पायथ्याशी पसरते, उघडलेल्या जपानी पंख्यासारखी. पुढं बर्फ वितळतं, समुद्र वर चढतो, नदीचं मुख मागं हटतं. वाळू किनाऱ्यापाशीच अडते आणि खोल पाण्यात वर्षानुवर्षं फक्त बारीक गाळ बसत राहतो. पुन्हा समुद्र उतरला की पुन्हा वाळू. लाखो वर्षांचा हा चढउतार थरांमध्ये नोंदलेला असतो.

कंपनीला यातलं एकच हवं असायचं: सापडलेली वाळू उथळातली की खोलातली? उथळातली असेल तर तिचे पट्टे किनाऱ्याला समांतर जातात, पुढची विहीर त्या अंगानं घ्यायची. खोल पंख्यातली असेल तर आणखी आत, भर समुद्रात जावं लागतं. एका विहिरीचा खर्च सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडचा, आणि त्या निर्णयाचा एक कोपरा आमच्या चाळणीत असायचा.

समुद्राच्या तळावर खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान जीव राहतात. त्यांना इवलीशी कवचं असतात. उथळात राहणारे वेगळे, खोलात राहणारे वेगळे. गाळ सोड्याच्या पाण्यात भिजवायचा, उकळायचा, बारीक चाळणीवर धरून धुवायचा. चिखल निघून जातो, कवचं उरतात. ती सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायची आणि मोजायची. कोण कुठं राहायचं हे ठाऊक असलं की तो गाळ किती खोलीचा ते सांगता येतं.

धुण्याचं काम कडूबाईंकडे होतं. गंगापूर तालुक्यातलं माहेर, लग्नानंतर मुकुंदवाडीत संसार, वय तेव्हा पन्नाशीला आलेलं. शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडे त्यांना अकरा वर्षं झाली होती. धुणं म्हटलं की सोपं वाटतं. पण आधीच्या नमुन्यातलं एक कवच चाळणीच्या जाळीत अडकून पुढच्या नमुन्यात गेलं, की आमचा निष्कर्ष चुकलाच. म्हणून दर नमुन्यानंतर चाळणी घासून निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. जाळीत काही राहिलंच तर ते निळं होतं आणि पुढं सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतं. या रंगामुळं कडूबाईंची बोटं बारा महिने निळी असत. लग्नकार्यात बायका विचारायच्या, तर त्या सांगत, "म्याडमच्या चिखलाची मेंदी हाय."

दुष्काळातलं जे सर्वांत वाईट वर्ष होतं, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एक खेप आली. वाळूचे अठरा नमुने, त्या वाळूच्या मधल्या थरांतले गाळाचे बावीस. कंपनीकडून हे काम राव साहेब बघायचे. काकीनाड्याचे, बोलायला मोजके, हिंदीत बोलायचे. "मॅडम, शेल्फ या डीप? मुझे एक शब्द चाहिए," एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं. शेल्फ म्हणजे समुद्रबूड जमीन.

आणि आमच्याकडे पाणी नव्हतं. शेडमागचा बोअर जानेवारीतच आटला होता. एक दिवसाआड टँकर यायचा. प्रयोगशाळेच्या मागच्या वस्तीला तोही नव्हता. टँकर आला की फाटकापाशी बायका हंडे घेऊन उभ्या राहत, काही न बोलता. पहिल्या दिवशी सर खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडूबाईंना सांगितलं, "प्रत्येकीला दोन दोन हंडे द्या. मग आपल्या टाकीत घ्या."

दोन हंडे, आणि बायका तीस-पस्तीस. टाकीत जे उरायचं त्यात सगळे नमुने धुऊन होणं शक्य नव्हतं. वाळू लवकर धुतली जाते, पाणी कमी लागतं. गाळ चिवट. एका नमुन्याला दोन बादल्या लागतात, कधी तीन. सरांनी मला बोलावून घेतलं.

"वाळूचेच करू. कंपनीचा प्रश्न वाळूचा आहे. गाळाचे राहू देत."

मी मान हलवली. मला ते पटलं होतं असं नाही, पण फाटकापाशी हंडे दिसत होते आणि त्यांच्यापुढं बावीस पिशव्या चिखलाची बाजू मांडायला जीभ उचलत नव्हती. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. निदान अहवालात तरी लिहायला हवं होतं, की गाळ तपासलेला नाही.

वाळूच्या नमुन्यांत उथळातली कवचं निघाली, अठराच्या अठरांमध्ये. मी अहवाल लिहिला: समुद्रबूड जमिनीवरची वाळू. सरांनी आणि मी सही केली. अहवाल गेला.

एक गोष्ट मात्र मी माझ्या वहीत पेन्सिलनं लिहिली होती. कवचं फुटकी आहेत, कडा घासलेल्या आहेत, आणि सगळी जवळपास एकाच मापाची आहेत, कुणी चाळून निवडून टाकल्यासारखी. हे अहवालात घातलं नाही. घातलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर न धुतलेल्या पिशव्यांत होतं.

एप्रिलमध्ये एका शनिवारी कडूबाई म्हणाल्या, "म्याडम, उद्या येता का माह्यासंगं? मपलं गाव वर आलंय."

त्यांचं माहेरचं जुनं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलेलं. धरण भरलं तेव्हा त्या आठ-दहा वर्षांच्या होत्या. इतक्या वर्षांनी जलाशय असा मागं हटला होता, की गावाची जोती उघडी पडली होती, आणि ठिकठिकाणी पांगलेली माणसं ती बघायला येत होती.

आम्ही एसटीनं गंगापूरला गेलो, तिथून काळीपिवळीनं. शेवटचे दीड-दोन कोस चालत. पाण्याच्या जागी भेगाळलेला करडा गाळ पसरला होता आणि कुणी कुणी त्यात टरबुजाचे वेल लावले होते. गावाच्या जागी कमरेइतक्या भिंतीही नव्हत्या, नुसत्या दगडांच्या ओळी. कडूबाई त्या ओळींमधून सरळ चालत गेल्या, दारातून आत शिरावं तशा. एका चौकोनात थांबल्या.

"ही आमची वसरी. हितं आज्जा बसायचा." त्यांनी वाकून एक दगड उचलला, उलटा करून बघितला, होता तसाच परत ठेवला. रडल्या नाहीत. मी जरा दूर जाऊन उभी राहिले.

तिथं एक ओढा होता. आठवड्यापूर्वी वर कुठंतरी अवकाळी पाऊस झाला होता, त्याचं पाणी अजून बारीक धारेनं वाहत होतं. धरण भरलेलं असताना हा ओढा वरच्या काठालाच पाण्याला मिळायचा आणि आपली वाळू तिथंच टाकायचा. आता पाणी खाली उतरलं होतं, म्हणून ओढ्यानं जुन्या काठाचा साचलेला गाळ खोल कापून काढला होता आणि त्या घळीतून वाळू थेट खालच्या पाण्यापर्यंत नेऊन पसरवली होती. मी उभी होते तिथून तिचा आकार स्पष्ट दिसत होता. एका टोकाला चिंचोळा, पुढं रुंद होत गेलेला पंखा.

मी खाली उतरून मूठभर वाळू घेतली. तिच्यात बारके शंख-शिंपले होते, खूप. फुटके, घासलेले.

"इथं बरेच शिंपले आहेत," मी म्हटलं. कडूबाई मागून येऊन उभ्या होत्या.

"हितले नायत ते," त्या म्हणाल्या. "वरच्या काठाचे. तिकडं उथळाला लई असत्यात. वढ्यानं वरचं उकरून खाली आणलंय." मग त्यांनी पायानं वाळू बाजूला सारली. खाली काळा, मऊ गाळ होता. "हितलं म्हणजे ह्ये. यात बघा, हाय का एक तरी शिंपला?"

नव्हता.

विद्यार्थी म्हणून मी हे पुस्तकात वाचलं होतं. वाळू प्रवासाला निघते तेव्हा वाटेतल्या जुन्या थरांतली कवचंही सोबत घेऊन येते, म्हणून नुसत्या वाळूतल्या कवचांवर विश्वास ठेवू नये, मधला गाळ तपासावा, हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. आणि तरी पेन्सिलनं लिहिलेली ती ओळ वहीत दाबून ठेवली होती. समुद्र उतरलेला असताना नदीनं समुद्रबूड जमीन अशीच उकरली असेल आणि तिथली कवचं खोल पंख्यात नेऊन टाकली असतील, तर माझा एक शब्द साफ उलटा होता.

सोमवारी मी सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, गाळाचे नमुने धुवायला हवेत."

"कोणते?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अहवाल जाऊन महिना झाला. खाली सह्या आपल्या आहेत."

"म्हणूनच म्हणतेय."

"आणि पाणी? बावीस नमुने. बायकांना काय सांगू, आजपासून गाळाला पाणी लागतंय म्हणून?" त्यांचा आवाज चढला होता. सर माझ्यावर कधी ओरडत नसत. "मी त्यांचं पाणी तोडणार नाही, संध्या. आपण चुकलो असू तर चुकलो."

"तोडायचं नाहीच. मी घरी धुते."

सरांनी चष्मा परत चढवला. मी ते हो समजले आणि राव साहेबांना फोन लावला. गाळ तपासला नव्हता हे सांगितलं, माझं मत बदलण्याची शक्यता आहे हेही सांगितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "आपके कागज़ पर मैंने अपनी कुर्सी रखी है." मग म्हणाले, जागा ठरवायची बैठक महिन्यानं आहे, त्याच्या आधी काय ते पक्कं कळवा.

सिडकोत तेव्हा पाच-सहा दिवसांनी नळ यायचा. माझे यजमान सुहास बँकेत होते. त्यांना मी सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग मी हसत नाही हे बघून गप्प झाले. त्यांनी हिशेब केला. दोनदा नळ येऊन जाईपर्यंत आपले कपडे धुवायचे नाहीत, आंघोळ एका तांब्यात बसवायची, भांडी राखेनं घासून पुसून घ्यायची. धुतलेलं पाणी ड्रममध्ये जमवून संडासात वापरायचं. "शेजाऱ्यांनी विचारलं तर?" ते म्हणाले. मी म्हटलं, काही सांगू नका. शेजाऱ्यांनी विचारलंच, कारण आमच्या मागच्या अंगणात दोन बायका चाळणीवर चिखल धरून तांब्यातांब्यानं चांगलं पाणी ओतत होत्या, आणि तेही अशा दिवसांत.

कडूबाई दोन रविवार आणि मधली एक सुट्टी अशा तीन दिवस आल्या. मी त्यांना यायला सांगितलं नव्हतं. खरं तर सांगायची लाज वाटत होती, कारण त्यांच्या घरी प्यायचं पाणी त्यांची सून दोन गल्ल्या पलीकडून आणत होती.

चिखल निघता निघत नव्हता. तिसऱ्या तांब्याला कडूबाई म्हणाल्या, "म्याडम, ही माती इतकी वर्सं समिंदरातच पडून व्हती म्हणता."

"हो."

"पाण्यात राहून बी धुतली नाय ती, आन आपण धुवायलोत."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चाळणी उजेडात धरली, जाळी डोळ्याजवळ नेऊन तपासली आणि निळ्या पाण्यात बुडवली. धुतलेल्या पाण्याची बादली त्या दर वेळी स्वतः ड्रमपाशी नेत आणि थेंब सांडू न देता ओतत. पाणी ओतताना त्या कधी बडबडल्या नाहीत, पण बादलीकडे अशा बघायच्या की मला दुसरीकडे बघावं लागायचं.

सुकलेले नमुने मी प्रयोगशाळेत नेले. पहिली ताटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एकही कवच फुटकं नव्हतं. काचेसारखी स्वच्छ, अख्खी, लहानमोठी सगळ्या मापांची. त्यात वरच्या पाण्यात तरंगत जगणाऱ्या जातींची ढीगभर, बुडबुड्यांच्या घोसासारखी. आणि तळावर राहणारी जी होती ती सगळी थंड, अंधाऱ्या खोल पाण्यातली. उथळातलं एकही नव्हतं. दुसरी ताटली तशीच. बाविसावीही तशीच. वाळूच्या प्रत्येक थराच्या वर आणि खाली खोल समुद्राचा गाळ होता. मग वाळू तेवढी उथळातली कशी असेल? ती वरून आली होती.

सरांनी स्वतः सगळ्या ताटल्या बघितल्या. दोन दिवस लावले. नंतर दुरुस्तीचं पत्र त्यांनीच लिहिलं. "आमच्या आधीच्या निष्कर्षात चूक झाली आहे" हे पहिलंच वाक्य होतं. मी म्हटलं, सर, जरा मवाळ लिहिता आलं असतं. ते म्हणाले, "मवाळ लिहिलं की ते पहिलाच अहवाल धरून बसतील."

राव साहेबांनी पत्र वाचलं आणि बैठकीच्या तीन दिवस आधी विमानानं येऊन प्रयोगशाळेत हजर झाले. उंच, पांढऱ्या मिशांचे, घामाघूम झालेले. चहा नको म्हणाले. तासभर सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला नाही. ते मानेनं नाहीनाही म्हणतायत असं मला वाटत होतं, पण ते मोजत होते. शेवटी ताठ बसले आणि म्हणाले, "एक भी नीला दाना नहीं. बाईस में एक भी नहीं. धोया किसने?"

मी कडूबाईंना बोलावलं. त्या पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. राव साहेबांनी त्यांची बोटं बघितली आणि उठून नमस्कार केला. कडूबाई गोंधळल्या.

"इन्होंने देखा है, क्या धोती हैं?" त्यांनी मला विचारलं.

अकरा वर्षं. रोज त्या बाईनं माझ्यासाठी ताटल्या तयार करून टेबलावर ठेवल्या होत्या, आणि एकदाही मला सुचलं नव्हतं की खुर्ची मागं सरकवून म्हणावं, बसा, बघा. मी खुर्चीवरून उठले. कडूबाई आधी नको नको म्हणाल्या, मग खुर्चीच्या कडेला टेकल्या, एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. मी स्क्रू फिरवून दिला.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ही नक्षी कोणी केली?"

"त्या जीवांनीच. स्वतःसाठी."

"आन मी रोज ह्ये चिखल म्हणून सारत व्हते." त्या बराच वेळ बघत राहिल्या. राव साहेबांना विमान गाठायचं होतं तरी ते उभेच राहिले.

बैठकीत काय झालं ते मला सविस्तर कळलं नाही. राव साहेबांना बरंच ऐकून घ्यावं लागलं एवढं पुढं समजलं. जागा बदलली. विहीर आत, खोल समुद्रात गेली. आम्हाला त्या कंपनीचं काम पुढं मिळालं नाही. चूक कबूल करणाऱ्यांना काम द्यायला लोक बिचकतात, आणि मी त्यांना सर्वस्वी दोषही देत नाही. सरांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही. फाटकापाशी हंडे येत होते तोवर दोन दोन हंडे चालू राहिले.

दीडेक वर्षानं राव साहेबांचा फोन आला. आवाज थकलेला होता. वाळू लागली म्हणाले. आम्ही म्हटलं होतं तशीच, खोल पंख्यातली, भरपूर जाड, आणि मधे तसाच गाळ. "आप सही थीं, मॅडम."

"आणि वायू?" मी विचारलं.

"पानी," ते म्हणाले. "पूरी रेत में पानी. खारा पानी." विहीर बुजवून टाकणार होते. राव साहेबांचं निवृत्तीचं वर्ष होतं ते.

फोन ठेवून मी तशीच बसून राहिले. कडूबाई चाळण्या वाळत घालत होत्या. माझ्याकडे बघून हातातलं काम थांबवून आल्या.

"काय झालं म्याडम? कोणी गेलं का?"

"नाही. ती विहीर खणली ना, आपण गाळ धुतला होता ती. वाळू लागली. पण तिच्यात पाणी निघालं."

"पाणी लागलं?" त्यांचा चेहरा खुलला. आमच्याकडे पाणी लागलं की लोक पेढे वाटतात. "मंग तोंड काहून पाडून बसल्या?"

मी समजावून सांगितलं. त्यांना वायू हवा होता. पाणी लागणं म्हणजे विहीर फुकट गेली. शिवाय पाणी खारं आहे, कुणाच्या उपयोगाचं नाही.

कडूबाईंनी विचारलं, "लई हाय का पाणी?"

"खूप. मोजता येणार नाही इतकं."

खिडकीतून त्यांना मागची वस्ती दिसत होती. टँकरचा दिवस होता आणि रिकामे हंडे उन्हात ओळीनं मांडून ठेवलेले होते. त्या परत चाळण्यांकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच, मला नव्हे, कुणालातरी सांगावं तसं हळू म्हणाल्या, "कुठं कुठं ठिवलंय बघा पाणी."